माहेरचं ताट, नवं पोट

पोट लहान करून घेतलेल्या बाईनं मे महिन्यात माहेरी कसं राहायचं, हे हॉस्पिटलच्या फाइलमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. फाइलमध्ये चमचे होते, ग्रॅम होते, मिलिलिटर होते. माझं माहेर भिवंडी तालुक्यात, खारबावच्या बाजूला, खाडीलगतच्या आगरी गावात. तिथं ग्रॅम मोजून कुणी वाढत नाही. ताटातला भात संपायच्या आत दुसरा वाढला नाही, तर वाढणारीलाच चुकल्यासारखं होतं.

दिवाळीनंतर माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून जठराचा साधारण पाऊण भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. काढलेल्या भागातच घ्रेलिन नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधून काढलं. भूक चेतवण्याचं काम त्याचं. ते एकदम कमी झालं की भूक नुसती घटत नाही, काही काळ ती ओळखूच येत नाही. चाळिशी उलटेपर्यंत जिच्या सांगण्यावरून जेवत आले, तीच गेली. पुण्यात घरी घड्याळ लावून, लहान वाट्या ठरवून मी दिवस बसवले होते. सुट्टी म्हणजे ते घड्याळच सोडून जाणं. एसटीत बसले तेव्हा खरंच कळत नव्हतं, की पहिल्याच जेवणाला मी काय करणार आहे.

पहिलं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, भात, सुक्या बोंबलाची चटणी, वर वाटीभर आमरस. आहारतज्ज्ञ बाईंनी क्रम पक्का घोटवून घेतला होता. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तरच भात-भाकरी. मी कोलंबीपासून सुरुवात केली. एकेक कोलंबी, पार लगदा होईपर्यंत चावून. चार-पाच खाल्ल्या आणि नाकातून पाणी आलं, मग उचकी. कालवण तिखट म्हणून असेल असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र ती खूण माहीत होती. माझं पोट भरलं की आता ते असंच सांगतं. त्यापुढचा एक घास छातीत दगड बसल्यासारखा अडकतो.

‘बाय, येवरंच?’ आत्यानं विचारलं. आई काही बोलली नाही. ती आत गेली, तेव्हा तिचे डोळे भरले होते हे मी पाहिलं. लेक माहेरी आली आणि ताट तसंच राहिलं, तर आईनं करायचं काय?

माझं म्हणणं इथंच आहे. ऑपरेशननंतरच्या सुट्टीत पदार्थांची अडचण कमी, माणसांची जास्त. पदार्थ बदलता येतात. वाढणाऱ्या हाताला मात्र दुसरं काम द्यावं लागतं. त्या रात्री मी आईला फाइल वाचून दाखवली. मला दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतात, ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, हे सगळं सांगितलं. माझे केस गळत होतेच. आईनं सकाळी कंगव्यात ते पाहिलेही होते. मग तिनं विचारलं, ‘म्हंजे तुला मावरा लागतो?’ मावरा म्हणजे मासळी. त्या प्रश्नानं माझा निम्मा गोंधळ मिटला.

मे महिना म्हणजे आमच्याकडे आगोटीची तयारी. १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून त्याआधी सुके बोंबील, सुकट, जवळा डब्यांत भरून ठेवायचा. पुण्यात मी प्रथिनांची पावडर दुधात ढवळून कशीबशी संपवत होते आणि इथं पडवीत ऊन खात पसरलेल्या बोंबलांत निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचंच. ओला बोंबील मऊ, न चावता विरघळणारा, पण त्यात पाणीच फार; सुक्यात तोच ऐवज दाटून येतो. मीठ मात्र जपायचं. आईनं ते गरम पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, कांद्याटोमॅटोत मऊ शिजवले. सकाळी एक अंडं, मधल्या वेळी घट्ट दही किंवा मुगाचं धिरडं, दुपारी बोंबील किंवा कोलंबी, रात्री मसूर आमटीतली डाळ जास्त आणि पाणी कमी. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक झालाच नाही. घरातलंच, पण माझ्या वाटीत आधी काय पडायचं हे आता आई ठरवत होती, आणि त्यात तिचं मन रमलं.

आंबा? विचारलाच जातो, म्हणून सांगते. जेवणानंतर एक फोड, चावून. आमरस नाही. रस चावावा लागत नाही. तो नळीतून सरळ आतड्यात उतरतो आणि एकदम आलेल्या साखरेनं काही जणांना धडधड, घाम, चक्कर येते. पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांना हा त्रास जास्त होतो, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतो. ताडगोळे मात्र मी मनापासून खाल्ले.

पाण्याचा प्रश्न जेवणापेक्षा अवघड निघाला. जेवताना प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, एका वेळी घोटभरच, आणि तरीही दिवसाला दीड-दोन लिटर पोटात गेलं पाहिजे. भिवंडीच्या मेमध्ये, घामानं अंग चिकट झालेलं असताना, हे गणित जमेना. शेवटी बाटली कमरेला अडकवली आणि घरातून बाहेर पडताना, परत येताना, ओटीवर बसताना एक घोट, अशी सवय लावली. पाणी कमी पडलं तर वेगानं वजन उतरणाऱ्या माणसाला मूतखड्याचा धोका असतो, हे ऐकल्यापासून मी त्यात हयगय केली नाही.

चालायचं कुठं, हा पुढचा पेच. मी लहान असताना गावाबाहेर शेतंच होती. आता काल्हेर, कशेळी, पूर्णा, माणकोलीपर्यंत गोदामंच गोदामं, रस्त्यावर कंटेनर, धूळ आणि हॉर्न. त्या रस्त्याच्या कडेनं चालणं हा व्यायाम नव्हे, जिवाशी खेळ आहे. एवढी माणसं राहतात तिथं पायी चालायला पदपथ नसावा, याचा मला खरोखर राग येतो. मग दादानं बांधांची वाट दाखवली. भात कापून गेलेली कोरडी शेतं, मधून खाडीकडे जाणारा बांध. उजाडताच अर्धा तास, संध्याकाळी ऊन उतरल्यावर तेवढंच. एकदा त्याच्या गाडीवरून लोनाडला गेलो. तिथलं शिलाहारकालीन शिवमंदिर पाहिलं, टेकडीवरच्या लेण्यांपर्यंत चढले. ऑपरेशनच्या आधी मी तिथं खालीच बसून राहिले असते.

वज्रेश्वरीला जाणं तर माहेरी आल्यावर ठरलेलंच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेतल्या नवसाचं हे देऊळ. किल्ल्यासारखा तट आणि चढायला ५२ पायऱ्या. पायऱ्या न थांबता चढले याचा आनंद अजून अंगात आहे. पण तानसा नदीच्या काठी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी पुन्हा गोंधळ झाला. सगळ्या बायका उतरल्या. मला हाका मारत होत्या. वजन उतरलं तसा माझा रक्तदाब उतरला होता आणि डॉक्टरांनी गोळी निम्मी केली होती. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, दाब आणखी खाली येतो, त्यात शरीरात पाणी कमी. मी काठावर बसून फक्त पाय सोडले. कुणाला वाईट वाटलं असेल. मला पायांना आलेली ऊब पुरेशी होती.

आणि मग हळद. आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना कसं सांगू! अख्खं गाव मांडवात, मध्यरात्रीपर्यंत गाणी आणि नाच, मटण, वडे. चुलतभावाच्या मुलाच्या हळदीला मी घरून निघतानाच अंड्याची भुर्जी खाऊन घेतली. मटणाचा धागा चिवट असतो, मला तो अजून सोसत नाही. म्हणून कलेजीचे दोन मऊ तुकडे आणि बस. थंड्याच्या बाटल्या फिरत होत्या, त्यातल्या गॅसनं माझ्या पोटाला ताण बसतो. वहिनीनं माझ्यासाठी ताकाची बाटली आठवणीनं आणली होती. एक गोष्ट पुरुषांसाठीही सांगते. या शस्त्रक्रियेनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते. पूर्वीच्या अंदाजानं ग्लास उचलणारा स्वतःला धोक्यात घालतो.

मी नाचले. मनसोक्त, घाम निथळेपर्यंत नाचले. ज्या मांडवात मी वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या, तिथं मी मधोमध होते. हॉस्पिटलच्या फाइलमधल्या ‘शारीरिक हालचाल’ या कोरड्या रकान्यात हे कसं लिहिणार?

दुसऱ्या दिवशी गुडघे दुखले. चुलतबहिणीनं पर्समधून वेदनाशामक गोळी काढली. मी नाव वाचलं आणि परत दिली. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी या नाजूक जठरात व्रण होऊ शकतात. फोनवर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतली. माझ्या रोजच्या गोळ्यांचंही असंच पथ्य आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तास. लोहाबरोबर चहा नाही. बी-१२ तर कायमचंच. त्या संपत आल्या तर काय, म्हणून चिठ्ठी आणि डिस्चार्जचा कागद मी पर्समध्येच ठेवला होता. सुट्टीत उलट्या लागल्या आणि दिवसभरात थांबल्या नाहीत, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं कमी होऊन मज्जातंतूंना इजा होऊ शकते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. तिला मधुमेह, गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. हळूच म्हणाली, ‘त्या गडकरींनी पण केलता ना असला?’ हो, नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि ते त्याबद्दल उघडपणे बोललेही आहेत. आमच्याकडे बाया मात्र लपवतात. ‘आळशी, म्हणून पोट कापून घेतलं’ असं कुणी म्हणेल या भीतीनं. मीही पुण्यात शेजारी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याला मी सगळं सांगितलं, तेही ओटीवर, दोन शेजारणी ऐकत असताना. ही शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही, आधी तपासण्या, मधुमेहाच्या डॉक्टरांचं मत, मग शल्यविशारद. नंतर जन्मभर गोळ्या आणि रक्ततपासण्या. तिनं एकच शंका विचारली: ‘भाकरी खाता येईल ना?’ मी तिला माझ्या वाटीतली चतकोर भाकरी दाखवली. जूनमध्ये ठाण्याला तिची तपासणी आहे. तिच्यासोबत मी जाणार आहे.