चाक कोण फिरवतं?

२ मे २०१९. लेकीनं दप्तरातून कागद काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, 'बाबा, यावर पाण्याचा ग्लास ठेवू नकोस,' असं बजावलं आणि हात धुवायला गेली. गणित १, जर्मन ३, हाएसऊ ४. एक अधिक तीन अधिक चार, भागिले तीन. २.६६.

बव्हेरियात चौथीतल्या मुलांना मे महिना उजाडला की हा दाखला मिळतो आणि त्यावर पुढची शाळा ठरते. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रिआलशूल, त्यापलीकडे मिटेलशूल. इथे १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तिन्ही विषयांचं वजन सारखं असतं, हे मात्र त्या टेबलापाशी कळलं. हाएसऊमध्ये ४ च्या जागी ३ असता तर बेरीज सात झाली असती आणि सरासरी बरोब्बर २.३३. हे गणित मी तोंडी केलं. गणितात आमच्या घरी कुणी कच्चं नव्हतंच.

आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात पुण्याहून एर्लांगनला आलो. लेक दुसरीत बसली. भाषा येत नव्हती, पण पहिल्या आठवड्यात वर्गात बेरजा सुरू होत्या आणि आकड्यांना भाषा लागत नाही. तिनं सगळ्यांच्या आधी वही मिटली. बाईंनी कौतुक केलं. त्या दिवशी मी मनातल्या मनात या देशातल्या प्राथमिक शिक्षणाचा निकाल लावून टाकला: सोपं आहे.

सोपं वाटायला कारणंही होती. इथे पाढे दहापर्यंतच. वजाबाकी, गुणाकार सगळं सावकाश, चौकटींच्या वहीत, एका चौकटीत एक आकडा. मी तीसपर्यंतचे पाढे म्हणत मोठा झालेला माणूस, माझे वडील पावकी-निमकीवाले. मी रोज संध्याकाळी पाढे घ्यायला लागलो. अकराचा, बाराचा, तेराचा. तेराचा पाढा तिला आवडत नसे. मलाही लहानपणी आवडला नव्हता, म्हणून मी तो जास्त घेत असे.

पहिली ठेच तिथेच लागली होती, पण ती मला लागलेली नव्हती. भागाकार शिकवताना मी आमच्या शाळेतली मांडणी शिकवली: डावीकडे भाजक, मध्ये भाज्य, उजव्या कंसापलीकडे उत्तर. इथे भागाकाराचं चिन्ह म्हणजे दोन टिंबं, आणि ९३६ : ४ = असं लिहून उत्तर बरोबरच्या चिन्हापुढे मांडत जायचं. गुणाकारात आपण एककापासून सुरुवात करतो, इथे गुणकाचा सर्वांत मोठा आकडा आधी घेतात आणि पुढच्या ओळी उजवीकडे सरकत जातात. तिची उत्तरं बरोबर येत, मांडणी मात्र कुणाला वाचता येत नसे. बाईंनी वहीत लिहिलं, घरी कृपया वर्गातलीच पद्धत वापरावी. मी तिला म्हटलं, 'उत्तर बरोबर आहे ना? मग झालं.' तेव्हापासून ती दोन वह्या ठेवायला लागली. एक मला दाखवायची. हे मला दीड वर्षानं कळलं.

आता हाएसऊ. पूर्ण नाव उच्चारायचं तर हाइमाट उंड झाखउंटररिख्ट. आपला मुलूख आणि भोवतालचं जग, असं काहीसं. मी पहिल्यांदा पुस्तक चाळलं तेव्हा बायकोला सांगितलं, 'हा आपला परिसर अभ्यास.' आणि आपल्याकडे परिसर अभ्यासाचं आपण काय करतो? परीक्षेच्या आदल्या रात्री स्वाध्याय पाठ करतो. चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी मी तसाच बसलो होतो आणि ती मिळालीही होती. त्या यशानं पुढे किती नुकसान केलं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

इथल्या अभ्यासक्रमात या विषयाचे सहा भाग आहेत: लोकशाही आणि समाज, शरीर आणि आरोग्य, निसर्ग आणि पर्यावरण, काळ आणि बदल, जागा आणि वाहतूक, तंत्र आणि संस्कृती. ऐकायला सरकारी परिपत्रक वाटतं. प्रत्यक्षात तिसरी-चौथीची मुलं त्यात गावाच्या महापौराचं काम काय ते शिकतात, कुंपणाच्या झुडपात कोण कोण राहतं ते मोजतात, बॅटरी, तार आणि दिवा जोडून बघतात, ११२ ला फोन लावला तर कोणत्या क्रमानं काय सांगायचं याचा सराव करतात. डोंगराचा नकाशा समजावा म्हणून मातीचा ढीग करून त्याचे थर कापतात आणि प्रत्येक थराची कड कागदावर गिरवतात. रेषा जिथे जवळजवळ, तिथे चढ उभा. मी इंजिनिअर आहे. समोच्च रेषा मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षी शिकलो, तेही व्याख्या म्हणून.

हे सगळं मी तेव्हा बघितलं नाही. मी तिच्या पाठीशी बसून वरवर वाचत असे, शब्द अडले की फोन समोर धरत असे, आणि फोननं केलेलं भाषांतर वाचून दोघेही हसत असू. हसून झालं की मी म्हणायचो, 'चल, गणित काढ.' खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. त्या विषयात मला काही येत नव्हतं. बीच आणि ओक ही झाडं मी वेगळी ओळखू शकत नव्हतो. आमचा प्रभाग कोणता, आमच्या नळाला पाणी कुठून येतं, कचऱ्याच्या तपकिरी डब्याचं पुढे काय होतं, यातलं एकही उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाप म्हणून मला एकच गोष्ट शिकवता येत होती, तेव्हा मी ती एकच गोष्ट महत्त्वाची ठरवली.

सप्टेंबर २०१८. चौथी नुकतीच सुरू झाली होती. तिच्या गृहपाठाच्या वहीत बाईंनी निरोप लिहिला: ज्यांना जमेल त्यांनी या रविवारी घरच्यांबरोबर म्योरेनडॉर्फची पाणचाकं बघून यावीत आणि एकाचं चित्र काढावं. म्योरेनडॉर्फ आमच्या घरापासून सायकलनं अर्ध्या तासावर. रेग्निट्झ नदीवर तिथे लाकडी चाकं आहेत, पंधराव्या शतकापासून नोंद असलेली. आता दहाएक उरली आहेत. नदीच्या प्रवाहानंच चाक फिरतं, चाकाच्या कडेला लावलेल्या लाकडी डब्यांत पाणी भरतं, ते वर जाऊन पन्हळीत ओतलं जातं आणि तिथून शेतात जातं. मे महिन्यात ही चाकं नदीत बसवतात आणि सप्टेंबर संपता संपता काढून ठेवतात. म्हणजे तो रविवार गेला की पुढच्या मेपर्यंत नदी रिकामी.

त्या रविवारी अनंत चतुर्दशी होती. दुपारी विसर्जनाला ओळखीच्यांकडे जायचं होतं, सकाळ मोकळी होती. बायको म्हणाली, 'जाऊन या की.' लेक बूट घालून दारात उभी. मी निरोप पुन्हा फोनवर वाचला आणि म्हणालो, 'ही सहल आहे, अभ्यास नाही. चाकाचं चित्र नेटवर मिळेल.' मग तिची समजूत घालायला मी तिला आमच्या रेवदंड्याच्या वाडीतला रहाट सांगितला. माझ्या आजोबांची सुपारीची वाडी, विहिरीवर लाकडी चाक, त्याला गाडग्यांची माळ, आणि डोळ्यांना झापडं लावून गोल गोल फिरणारा बैल. दोन मिनिटांत सांगून संपवला. तिनं विचारलं, 'गाडगी कशाला?' मी म्हटलं, 'नंतर सांगतो.' आणि अपूर्णांकांचे तीन कागद तिच्यासमोर ठेवले, जे तिला आधीच येत होते.

ऑक्टोबरमध्ये पाण्यावरची चाचणी झाली. इथे चाचणीला प्रोबे म्हणतात. तपासलेला कागद घरी येतो, पालकानं सही करून परत द्यायचा. चित्रात नदी, नदीत चाक. प्रश्न होता, हे चाक कोण फिरवतं? तिनं लिहिलं होतं, बैल.

मी खूप हसलो. बायकोला दाखवलं. मग ४ हा आकडा बघितला, 'पुढच्या वेळी नीट वाच,' असं म्हटलं आणि सही केली.

सायकलचंही तेच. चौथीत मुलांना रहदारीचे नियम शिकवून पोलीस परीक्षा घेतात, आधी कागदावर आणि मग सायकलवर. डावीकडे वळायचं तर मागे बघायचं, डावा हात बाहेर काढायचा, एका हातानं सायकल सावरत रस्त्याच्या मध्याकडे यायचं. आमच्या लेकीला एका हातानं सायकल चालवता येत नव्हती, कारण मी तिला एकटीला कधी रस्त्यावर जाऊच दिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पास झाली. पोहण्याच्या तासाला सर्दीच्या चिठ्ठ्या किती दिल्या, ते मोजत नाही. समुद्रकाठच्या माणसाची मुलगी वर्गात सर्वांत शेवटी पोहायला शिकली.

तर २.६६. गिम्नाझियमच हवं असेल तर मे महिन्यात तीन दिवसांचा चाचणी-वर्ग असतो, जर्मन आणि गणिताचा. तिला नको होता. मी भरला. तिन्ही दिवस मी रजा काढून तिला नेलं आणि बाहेर बाकावर बसून राहिलो. पावसाळी हवा होती. शेजारी आणखी एक बाप होता, तोही बाहेरदेशीचा. आम्ही दोघे एकमेकांशी मोडक्या जर्मनमध्ये गणिताबद्दल बोललो. लेकीला गणितात २ आणि जर्मनमध्ये ५ मिळाले. प्रश्न जर्मन वाक्यांचाच होता, आणि मी तीन वर्षं तिच्याशी घरात मोडकं जर्मन बोलत आलो होतो, तिला सराव व्हावा म्हणून. बाईंनी पहिल्याच पालकसभेत सांगितलं होतं, घरी तुमची भाषा बोला, ती पक्की असेल तर आमची येईल. मला वाटलं, सौजन्य म्हणून म्हणत असतील.

पुण्याला फोन करणं हा वेगळाच अध्याय. सासूबाईंना रिआलशूल म्हणजे काय ते सांगताना मी म्हटलं, 'खरी शाळा.' त्यांनी विचारलं, 'मग बाकीच्या खोट्या का?' भावाला सांगितलं, तांत्रिक शाखेला घातलंय. हे तेव्हा खोटं होतं, कारण शाखा सातवीत निवडायची असते. पुढे तिनं खरंच गणित-तंत्र शाखा घेतली, त्यामुळे माझी थाप वाचली.

त्याच २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून रण माजलं. एकवीसला 'वीस एक' म्हणायचं की नाही. मंगला नारळीकर गणित समितीच्या प्रमुख, त्या शांतपणे समजावत होत्या की जोडाक्षरांच्या आणि उलट क्रमाच्या संख्यानामांनी मुलं गडबडतात. जर्मनमध्येही अगदी आपल्यासारखंच एक-आणि-वीस म्हणतात, आणि बोखुमचे गणिताचे प्राध्यापक लोथार गेरिट्झेन यांनी 'वीस-एक' असं म्हणण्याची मुभा मिळावी म्हणून संस्थाच काढली आहे. हे सगळं मी शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेचारशे शब्दांत लिहिलं. दुसरीतल्या मुलांचं भवितव्य या विषयावर मी तेव्हा फार पोटतिडकीनं बोलत होतो. बायकोनं ते वाचलं आणि फोन परत देताना एवढंच म्हणाली, 'छान लिहिलंयस.'

लेकीची सर्वांत जवळची मैत्रीण गिम्नाझियमला गेली. वर्षभर दोघी दर शुक्रवारी भेटत, मग महिन्यातून एकदा, मग वाढदिवसाला. मुलांच्या मैत्र्या शाळा बदलली नाही तरी सुटतात, हे मला माहीत आहे. तरी दर वाढदिवसाला मी हाएसऊचा तो आकडा आठवतो. लेक आठवत नाही, तिनं २०२५ मध्ये रिआलशूल संपवली आणि फाखओबरशूल या पुढच्या शाळेत गेली. तिच्या मते ही माझी दंतकथा आहे.

गेल्या वर्षी घर बदललं तेव्हा माळ्यावरून प्राथमिक शाळेच्या फायली निघाल्या. पाण्याची ती चाचणी त्यात होती. मी ती पहिल्यांदा नीट वाचली. बैलाच्या उत्तरावर बाईंनी लाल फुली मारलेली नव्हती. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'कुठे पाहिलास?' आणि त्याच्या बरोबर खाली माझी सही, घाईघाईतली, शेवटच्या अक्षराची शेपटी त्या प्रश्नचिन्हावरून गेलेली.

लेक खोकी भरत होती. मी कागद दाखवला. विचारलं, 'काय सांगितलंस मग बाईंना?'

'सांगितलं की, बाबांच्या आजोबांकडे होता. बाई म्हणाल्या, सोमवारी वर्गाला सांग. पण गाडगी कशाला लावतात ते मला माहीत नव्हतं. तुला विचारायला आले होते मी.'

'मग?'

'तू म्हणालास, आधी तेराचा पाढा.'