मोलकरीण

दीपा धनराज ह्यांनी १९८० साली काही सहकाऱ्यांसमवेत 'युगांतर' हा चित्रपट-समूह उभारला. १९८१ चा त्यांचा 'मोलकरीण' हा माहितीपट पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेविषयी आहे. पुढील वर्षी निपाणीच्या तंबाखू-कामगार स्त्रिया त्यांच्या पडद्यावर आल्या, पुढे १९८४ मधील हैदराबादच्या दंगली. १९९१ च्या 'समथिंग लाइक अ वॉर'मध्ये त्यांनी सरकारी नसबंदी शिबिरे चित्रित केली. कुटुंबनियोजनावर आम्ही धर्मगुरू प्रवचने पुष्कळ देतो. शिबिराच्या टेबलावर निजलेली स्त्री मात्र मला प्रथम ह्या बाईंनी दाखविली.

तरीही अधिक बोचला तो 'मोलकरीण'च. त्यातील स्त्रिया कोणाची दया मागत नाहीत, कष्टाचा हिशेब मांडतात. आमच्या धर्मगुरुनिवासात मावशी अकरा वर्षे स्वयंपाक करीत आहेत. विश्रामवाराचे महत्त्व मी त्यांनाही वेदीवरून सांगितले आहे, आणि त्याच रविवारी पाहुण्यांसाठी दोन भाज्या अधिक करविल्या आहेत!

माहितीपट संपल्यावर स्वयंपाकघरात गेलो. म्हटले, "मावशी, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी घ्याल? पगार कापला जाणार नाही."

त्यांनी हातातले पातेले खाली ठेवले.

"का, फादर? दुसरी बाई बघितलीत?"