पायी पाहिलेले नागपूर

यवतमाळचा मनुष्य नागपुरास जातो तो बहुधा दोनच कारणांनी. एक कोर्टकचेरी, दुसरे दवाखाना. केवळ शहर पाहण्याकरिता कोणी गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही स्वतः तीस वर्षे मुलांकडून ‘महाराष्ट्राची उपराजधानी नागपूर’ हे घोकून घेतले. परंतु ती उपराजधानी आम्हांस ठाऊक होती ती बसस्थानकापासून दवाखान्याच्या दारापर्यंत, तीही ऑटोरिक्षात बसून. हा दोष गेल्या कार्तिकात दूर झाला, त्याचा हा वृत्तान्त.

निमित्त मात्र दवाखान्याचेच होते. आमचे बालमित्र, निवृत्त पोस्टमास्तर, यांच्या गळ्याशी एक गाठ आली होती. तिचा तुकडा तपासणीस घेऊन डॉक्टरांनी “परवा सकाळी या” असे सांगितले. मधला अख्खा दिवस लॉजच्या खोलीत भिंतीकडे पाहत काढणे दोघांच्याही जिवावर आले. पोस्टमास्तर म्हणाले, “गुरुजी, उद्या वाहन नको. पायीच हिंडू. पाय दुखू लागले म्हणजे गळा आठवायचा नाही.”

मार्ग आम्ही आखला. मास्तरास इतिहास पहिल्या पानापासून शिकविण्याची सवय. तेव्हा जुन्या राजधानीकडून नव्या राजधानीकडे, म्हणजे महालातून पश्चिमेस निघावे असे ठरले. महालात एका टपरीवर पोहे घेतले. वर तर्री घालून घेणे हा नागपूरचा कुळाचार. पण पोस्टमास्तरांस तिखटाची मनाई होती. त्यांनी कोरडेच पोहे खाल्ले व आमची ताटली संपेपर्यंत दुसरीकडे पाहत राहिले.

हे नगर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने लहान लहान गावे जोडून वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने देवगड सोडून येथे राजधानी आणली व नगरास कोट घातला. पुढे रघूजी भोसल्यांचे राज्य झाले. कोट आता नाहीसा झाला आहे; त्याचा जुम्मा दरवाजा तेवढा गांधी दरवाजा या नावाने उभा आहे. जवळचा जुम्मा तलावही आता गांधीसागर म्हणवितो. त्याच्या काठावर बसलो असता पोस्टमास्तरांनी विचारले, “राजधानी या शब्दात ‘धानी’ काय हो?” आम्ही सांगितले की, ‘धा’ म्हणजे ठेवणे, राजा जेथे ठेवला आहे ती राजधानी. १८५३ साली तिसरे रघूजी औरस पुत्रावाचून निवर्तले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. पोस्टमास्तर म्हणाले, “म्हणजे राजा गेला, धानी राहिली.”

तेथून निघून टेकडीच्या गणपतीस गेलो. आमच्या कळंबचा चिंतामणी पाहावयाचा तर पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावे लागते. हा गणराय सीताबर्डीच्या टेकडीस पाठ देऊन बसलेला. दर्शन घेऊन पोस्टमास्तर बराच वेळ हात जोडून उभे होते. काय मागितले, ते आम्ही विचारले नाही.

वरच्या किल्ल्याच्या परिसरात १८१७ च्या नोव्हेंबरात, २६ व २७ तारखांस, आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य व इंग्रज यांची लढाई झाली. भोसले हरले. किल्ला आज लष्कराकडे आहे; सर्वसाधारण लोकांस २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी प्रवेश मिळतो. “म्हणजे हा राहिला,” असे म्हणून पोस्टमास्तरांनी खिशातील कागदावर तशी टीप केली.

पुढे शून्य मैलाचा खांब लागतो. भोवती घोडे, डोक्यावरून जाणारी मेट्रो, आणि शेजारच्या शिळेवर निरनिराळ्या गावांची मैलांतील अंतरे. हैदराबाद, चांदा, जबलपूर अशी नावे पोस्टमास्तरांनी बोट फिरवून वाचली. जन्मभर पत्ते वाचलेल्या मनुष्याचे ते बोट. यवतमाळ सापडले नाही. “आपले अंतर कोणी मोजलेलेच नाही, गुरुजी,” ते म्हणाले, “बरेच झाले!”

विधानभवनापाशी रस्त्याच्या कडेचे दगड रंगविण्याचे काम चालले होते. अधिवेशन जवळ आले होते. आमचे वऱ्हाड १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले, तेव्हापासून ५३ वर्षे नागपूर हीच आमची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन तो मान गेला. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे भरावयाचे, एवढी खूण उरली. ‘उप’ या उपसर्गाचा अर्थ आम्ही मुलांस ‘जवळ’ असा शिकवीत आलो. मुंबई येथून किती जवळ आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

उन्हे कलता कलता दीक्षाभूमीवर पोहोचलो. भव्य स्तूपाबाहेर पादत्राणे काढून आत गेलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धर्म स्वीकारला. तारखांचा हिशेब मनात केला आणि चमकलो. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी नागपूरची राजधानी गेली! सरकार येथून उठले; परंतु ज्या भूमीवर दरवर्षी लाखो माणसे कोणी हुकूम न करता येतात, ती मात्र कोणास हलविता आली नाही. वर्गात हा दिवस आम्ही एका वाक्यात उरकीत असू. त्याची त्या संध्याकाळी लाज वाटली.

परतताना दोघांचेही पाय भरून आले होते. पोस्टमास्तर म्हणाले, “दुपारनंतर गळा एकदाही आठवला नाही.”

दुसऱ्या दिवशी मिळालेला अहवाल आम्हांस हवा होता तसा नव्हता. उपचार चालू आहेत. त्याकरिता दर तीन आठवड्यांनी नागपुरास जावे लागते, आणि प्रत्येक खेपेस तासभर तरी पायी हिंडावे असा आमचा नेम झाला आहे. अजबबंगला पाहून झाला. सीताबर्डीचा किल्ला राहिला आहे. डॉक्टरांनी पुढील तारीख विचारली तेव्हा पोस्टमास्तरांनी तो कागद खिशातून काढला आणि २५ जानेवारी मागून घेतली. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी वर चढावयाचे आहे.