वेताळाचा भाव

घरात माल थांबवून ठेवायचा आणि भाव यायची वाट बघायची, हे आमच्या औंढ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीचा दर पडला की घराघरांत पोत्यांची थप्पी लागते. नीट वाळवलेली, ओल न लागलेली हळद थांबते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्षानुवर्षं हेच करत आलेत. त्यामुळे मी पुण्यात नोकरीला लागल्यावर पगारातून जुनी कॉमिक्स घेऊन ठेवतो हे कळलं, तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. एवढंच विचारलं, “ह्याचा मोंढा कुठं भरतो?”

मोंढा फोनमध्ये भरतो. अमेरिकेतली लिलावघरं, ई-बे, संग्राहकांचे ग्रुप. आणि सगळा भाव ‘की इश्यू’ नावाच्या गोष्टीभोवती फिरतो. एखादं पात्र ज्या अंकात पहिल्यांदा दिसतं किंवा मरतं, तो की इश्यू. त्याच्या पुढचा-मागचा अंक कितीही सुंदर असो, त्याला कुणी फारसं विचारत नाही. १९३८ साली दहा सेंटला विकला गेलेला ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, त्याची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली. असे अंक आपल्या आवाक्यातले नाहीत. माझ्यासारखे लोक नव्या जमान्यातले अंक घेतात. २०११ चा ‘अल्टिमेट फॉलआउट’ अंक चौथा, कारण त्यात माइल्स मोरालेस पहिल्यांदा येतो. १९९१ चा ‘न्यू म्युटंट्स’ अंक अठ्ठ्याण्णव, कारण त्यात डेडपूल येतो.

मी घेतलेला पहिला की इश्यू मात्र मुंबईतला आहे. २००४ साली गॉथम कॉमिक्सने ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ काढलं. चित्रं जीवन कांग यांची. त्यातला पवित्र प्रभाकर स्कॉलरशिपवर खेड्यातून मुंबईच्या शाळेत येतो, आणि वर्गातली पोरं त्याच्या धोतराला हसतात. मी धोतर नेसून इंजिनिअरिंगला गेलो नव्हतो, पण ‘औंढा कुठंय?’ या प्रश्नाला चार वर्षं उत्तर दिलंय. म्हणून तो अंक घेतला. २०२३ मध्ये पवित्र ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सिनेमात आला, सिनेमा मराठीतही डब झाला, आणि माझ्याकडच्या अंकाची अचानक चौकशी व्हायला लागली. घेताना यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं.

अण्णांना या धंद्याची खरी गंमत कळली ती घसरणीच्या गोष्टीतून. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सगळ्यांना एकदमच समजलं की जुनी कॉमिक्स महाग विकली जातात. मग लोक नवी कॉमिक्स गठ्ठ्यांनी घेऊन ठेवायला लागले. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला. तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद मिळायचा, आणि कित्येकांनी ती पिशवी आजतागायत उघडलेली नाही. मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल म्हणून लोकांनी तो कपाटात ठेवला. पण सगळ्यांनीच ठेवला, सगळ्यांनीच जपला. मग दुर्मिळ काय राहिलं? तो अंक अजूनही किरकोळ पैशांत मिळतो. १९९६ च्या डिसेंबरात तर खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली.

अण्णा म्हणाले, “म्हणजे सोयाबीनच की.” २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत निम्म्यावर आलं. पुढे दोन वर्षं कित्येक घरांत सोयाबीन त्या दहा हजारांच्या आशेवर थांबलं होतं. सगळेच थांबले की भाव थांबत नाही, हे त्यांना कुठल्याही अर्थतज्ज्ञाने सांगायची गरज नव्हती.

याच्या उलट ‘वॉकिंग डेड’. २००३ साली पहिल्या अंकाच्या जेमतेम सातेक हजार प्रती निघाल्या. हे पुढे मोठं होणार असं कुणाला वाटलं नाही, म्हणून फार कुणी जपलं नाही, आणि म्हणून आज तो महाग आहे. बेफिकिरीतून दुर्मिळपणा येतो, आणि नंतर त्याचेच पैसे मोजावे लागतात.

हे सगळं मला पाठ होतं. मग गेल्या वर्षी मामांचा फोन आला.

मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मामांनी यूट्यूबवर जुन्या कॉमिक्सला लाखो रुपये मिळाल्याचा व्हिडिओ पाहिला होता. “आपल्याकडं वेताळ आहे की,” ते म्हणाले. “तू त्यातला माणूस. किती येतील सांग.”

वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. मराठीत फँटमचा वेताळ झाला. जोडीला जादूगार मँड्रेक होता, आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. गावातल्या पोरांना वेताळ अमेरिकन आहे हे माहीतही नव्हतं. पिंपळावर राहणारा तो आपला, हा जंगलातल्या गुहेत राहणारा, एवढाच फरक.

मामांकडे चार जाडजूड खंड निघाले. साठेक अंक. १९८० च्या सुमारास त्यांनी ते परभणीच्या बाइंडरकडून बांधून आणले होते. दोऱ्याने शिवलेले, खळ लावलेले, वर पुठ्ठा आणि लाल रेक्झिन. कडा कटिंग मशीनवर सरळ कापलेल्या. पहिल्या पानावर मामांचं नाव आणि ‘पान दुमडू नये’ अशी तंबी. दहा पैशांना एक दिवस घरी न्यायला ते हे खंड देत. शेवटच्या कोऱ्या पानांवर नेणाऱ्यांची यादी होती.

माझ्या छंदाच्या नियमाने बघायचं तर या पुस्तकांचं जे जे वाईट करता येतं ते सगळं इथे झालं होतं. तिकडे सीजीसीसारखी कंपनी अंक तपासून दहापैकी गुण देते आणि तो प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करते. कोपरा जरा मुडपला तरी गुण जातात. इथे तर शिलाईची भोकं, कापलेल्या कडा, बॉलपेनची अक्षरं. एका संग्राहकाला फोटो पाठवले. तो म्हणाला, सुटे असते तर गोष्ट वेगळी होती, बांधलेल्याचे सगळे मिळून बारा हजार देतो.

पण बांधले नसते तर ते राहिलेच नसते. सुटे अंक रद्दीत गेले, चुलीत गेले, भेळ बांधायला गेले. मराठी इंद्रजाल आज मिळत नाही ते त्यामुळेच. ज्या बाइंडिंगने वेताळ वाचवला, त्याच बाइंडिंगने त्याचा भाव घालवला.

मामांना मी बारा हजारांचा आकडा सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग राहू दे. बारा हजारात गुडघा पण येत नाही.”

त्याच आठवड्यात मी माझा ‘अल्टिमेट फॉलआउट’ विकला, सोबत आणखी दोन डब्या. आपल्याकडे सोनं विकत नाहीत, मोडतात. तसं ते मोडलं. पैसे तीन दिवसांत आले. ऑपरेशनचा सगळा खर्च त्यातून निघाला नाही, पण मामांनी सावकाराकडे जायचं टळलं. मामी आता नागनाथाच्या देवळापर्यंत चालत जाते.

ज्यांना गुंतवणूक म्हणून हा छंद करायचाय, त्यांना मी एवढंच सांगू शकतो की तो वेळेला कामी आला. पण मोडताना हात अडखळला नाही, याचं कारण त्या डब्यांमधला अंक मी कधी उघडलाच नव्हता. आतल्या पानांचा वास कसा आहे ते मला माहीत नाही. विकत घेणाऱ्यालाही कधी कळणार नाही. पवित्र प्रभाकर मी विकला नाही. तो डबीत नाही, दोनदा वाचलाय.

दिवाळीत मामांचे चारही खंड मी पान न् पान वाचले. तिसऱ्या खंडात एक अंक कमी आहे. शेवटच्या पानावरच्या यादीत, बांधायला देण्याआधीच्या एका नोंदीपुढे मामांनी लिहिलंय: ‘आला नाही’. नेणारा मुलगा कोण ते मामांना आठवतं, पण तो कधीच गाव सोडून गेला. तो अंक मी सध्या शोधतोय. कडा कापलेल्या असोत, नाव घातलेलं असो, कसाही चालेल.