नगरच्या मातीत गदा कुणाची?

शनिवारी रात्री टर्फ बुक करायचं, ऑफिसातली पाच-पाच जणांची टीम पाडायची, तासभर फुटबॉल बडवायचा आणि नंतर मिसळ. आपल्यापैकी बहुतेकांचं स्पोर्ट्स एवढंच. हरलेली टीम बिल भरते, विषय संपतो. पण पुण्यापासून जेमतेम १२० किलोमीटरवर एक जिल्हा आहे, जिथे हरलं-जिंकलं यावर अख्ख्या गावाची झोप उडते. तो म्हणजे अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. अर्थात एसटी स्टॅण्डवर अजूनही सगळे ‘नगर’च म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

नगर म्हटलं की टुरिस्ट मंडळी भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल आणि रणगाड्यांचं म्युझियम बघून परत फिरतात. मीही आधी तेच केलं. तिसऱ्या फेरीत मात्र रिक्षावाल्या काकांना म्हटलं, ‘वाडिया पार्कला घ्या.’ काकांनी आरशातून बघितलं. ‘आता काय बघायचंय तिथं? कुस्त्या तर होऊन गेल्या.’

त्या होऊन गेलेल्या कुस्त्यांसाठीच तर मी आले होते.

थोडा फ्लॅशबॅक. मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू झाला. पहिला मान दिनकर दह्यारींचा. फॉर्म्युला सोपा आहे. मातीवरचा विजेता एकीकडे, गादीवरचा म्हणजे मॅटवरचा विजेता दुसरीकडे. दोघं भिडतात आणि जिंकेल त्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते.

ही फायनल २०१४ मध्ये नगरला झाली आणि जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरीने इथेच पहिली गदा उचलली. २०१५ आणि २०१६ मध्येही तोच जिंकला. ट्रिपल महाराष्ट्र केसरी! पुढे तो पोलीस उपअधीक्षक झाला. खुराकाचं दूध, तूप आणि बदाम यांसाठी घरातला पैसा ओतणारा शेतकरी बाप नेमकं कसलं स्वप्न बघत असतो, ते यावरून कळावं.

मग आलं २०२५. २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी, पुन्हा नगर, ६७ वी स्पर्धा. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी ठरवलं. शिवराज राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. वाद चिघळला आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. सगळ्या टीव्ही चॅनलवर दिवसभर तेच. नंतरच्या फायनलमध्ये सोलापूरचा महेंद्र गायकवाड काही सेकंद शिल्लक असताना पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

थांबा, पिक्चर अजून बाकी आहे. दोन महिनेही झाले नव्हते, तोच मार्चअखेर याच जिल्ह्यात, कर्जतला, आणखी एक महाराष्ट्र केसरी रंगली. (मुंबईकरांनो, तुमच्या लोकलचं कर्जत नव्हे. हे गोदड महाराजांचं कर्जत, नगरच्या दक्षिणेला.) ही म्हणे ६६ वी! तिथे सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा घेतली. म्हणजे एक जिल्हा, एक वर्ष आणि दोन महाराष्ट्र केसरी. कारण राज्यात कुस्तीच्या संघटनाच दोन झाल्यात आणि दोघी म्हणतात, खरा किताब आमचाच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्येही हेच झालं होतं. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे.

यात पैलवानाचं काय? दोघांनी घाम तेवढाच गाळला, जोर-बैठका तेवढ्याच मारल्या. पण पुढे कुणी विचारलं की, ‘२०२५ चा केसरी कोण?’ तर उत्तराआधी ‘कुठल्या गटाचा?’ असा प्रतिप्रश्न येणार. टर्फवर ऑफसाइडवरून भांडणं वेगळं. इथे वयाची ऐन दहा-बारा वर्षं पणाला लागलेली असतात.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला, नगरची कुस्ती बघायची तर चैत्र-वैशाखात गावच्या यात्रेला जा. इथे कुस्त्यांच्या मैदानाला ‘हगामा’ म्हणतात. हलगी कडाडते, चिल्लीपिल्ली रेवड्यांवर कुस्ती खेळतात, मग हळूहळू इनाम वाढत जातं आणि सगळ्यात मोठी कुस्ती सगळ्यात शेवटी. ना स्क्रीन, ना रिप्ले. पाठ लागली की नाही, ते कडेला उकिडवे बसलेले आजोबा सांगतात. पटलं नाही तर दोन्ही बाजूंचा आरडाओरडा होतो, मग वस्ताद मध्ये पडतात.

आणि वेळ असेल तर गाडी उत्तरेला अकोल्याकडे घाला. डोंगरांच्या कुशीतल्या या तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथला हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरी झाला. खेळला नाशिककडून, पण माती नगरचीच. समोर होता लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले, रोज एकमेकांशी झुंजणारे. सदगीर ३-२ असा निसटता जिंकला. एका गुणाने गेलेली गदा कुणालाही झोंबणारच. पण त्या दिवशी पंचाची कॉलर कुणी धरली नाही. सदगीरने हरलेल्या शेळकेला चक्क खांद्यावर उचललं आणि मैदानात मिरवलं. त्या वर्षी महाराष्ट्र केसरी कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.