बाहेरचा बाक

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात राहणारे एक निवृत्त अध्यापक दरवर्षी २६ डिसेंबरला सकाळी पायी घराबाहेर पडतात. ‘लष्कर’ हे नाव पुण्याच्या वाचकाला घरचेच वाटेल. मास्तरांनाही ते तसेच वाटत आले आहे. त्यांचे पूर्वज म्हैसूर संस्थानाच्या सिल्लेदार पागेत होते, असे घरी सांगत. घोडे गेले, पागा गेल्या. राहिली ती मराठी, आणि तीही उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर कन्नड, शेजारी तमिळ आणि उर्दू अशा भाषांच्या मेळ्यात त्यांचे आयुष्य गेले. वर्गात मात्र त्यांनी चाळीस वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा हा फेरफटका त्या शिकवण्यातूनच निघाला. डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’मध्ये (१८३६–३७) नाताळसाठी निघालेली मंडळी मग्लटनच्या सराईपाशी घोडागाडीतून उतरतात आणि गोठलेल्या पायवाटेने डिंग्ली डेलकडे चालू लागतात. हे प्रकरण शिकवताना इंग्रज माणूस सणाच्या दिवसांत रानातून चालत पबपर्यंत का जातो, असे एका विद्यार्थ्याने विचारले. पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’, सर्वांचे घर. चालण्याने भूक आणि तहान लागावी, आणि परक्याच्याही घरी शेकोटीपाशी बसता यावे, असे काहीसे उत्तर मास्तरांनी दिले. हा प्रसंग त्यांनी संध्याकाळी आपल्या स्नेह्यांना सांगितला. स्नेही तमिळ कॅथलिक, छापखान्यात जुळारी. ते म्हणाले, “मेष्ट्रे, न पाहिलेली गोष्ट शिकवता कशाला? परवा चला माझ्याबरोबर.”

ते साल १९७४ होते. सेंट फिलोमिना कॅथीड्रलमधील गव्हाणीचा देखावा अजून मांडलेलाच होता, आळीतल्या कागदी चांदण्या उतरल्या नव्हत्या. दोघे बंगलोर रस्त्याने सिद्धलिंगपुराकडे निघाले. सुमारे दोन कोसांची चाल. बन्नीमंटप मागे पडला की तेव्हा शेते लागत. भाताची झोडणी चाललेली असे, कुठे गुऱ्हाळाचा धूर धुक्यात मिसळलेला असे, आणि शेंगा विकायला निघालेल्या बायकांच्या पाट्यांतून अवरेकाईचा ओला वास येई. सिद्धलिंगपुरात सुब्रह्मण्याचे देऊळ आहे. मार्गशीर्षातल्या षष्ठीला तिथे जत्रा भरते. त्याच तिथीला मास्तरांच्या घरी खंडोबाची चंपाषष्ठी होऊन भरीत-रोडग्याचा नैवेद्य होई. तेव्हा गाव अपरिचित नव्हते. अपरिचित होते ते गावाबाहेरचे सारायीचे दुकान.

तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील दारूबंदी १९६७ मध्ये उठलेली होती, त्यामुळे दुकान कायद्याला धरूनच होते. दाराशी एक लाकडी बाक होता. स्नेही आत गेले. मास्तर बाकावर बसले. पुढल्या वर्षी तसेच झाले, त्याच्या पुढल्या वर्षीही. बत्तीस वर्षे हा क्रम चालला. परतताना कॅथीड्रलचे १७५ फुटी जोडमनोरे दुरून दिसू लागत. १९३३ साली चौथ्या कृष्णराज वडियारांनी पायाचा दगड बसवलेले आणि जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलचा आदर्श पुढे ठेवून उभारलेले ते मनोरे पाहून मास्तरांना दर वेळी इंग्रजी कादंबरीतल्या खेड्याची आठवण होई. मग स्नेह्यांच्या घरी केक आणि साच्यात तळलेली गुलाबफुले खाऊन दिवस संपे.

आत न जाण्याचे कारण मास्तर तत्त्व म्हणून सांगत. वस्तुतः ते कारण त्यांच्या घरच्या पुस्तकांच्या कपाटात होते. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या मनात दारूची जी प्रतिमा कोरली गेली ती सुधाकराच्या सर्वनाशाची. मास्तरांच्या आईने ते नाटक पाहिलेले नव्हते. वाचलेले होते, आणि तेवढे पुरे होते. कन्नडमध्ये मात्र जी. पी. राजरत्नम् यांनी ‘रत्नन पदगळु’मध्ये रत्न नावाच्या पिणाऱ्यालाच बोलते केले. त्याची बोली अडाणी, पण बायकोवरचे प्रेम आणि कन्नडवरची निष्ठा अस्सल. मास्तर दोन्ही कृती जाणत होते. एका भाषेने त्यांना पिणाऱ्याची कीव करायला शिकवले, दुसरीने त्याचे ऐकायला; बाकावर बसताना त्यांनी पहिलीच बाजू घेतली. सारायीने उद्ध्वस्त झालेली घरे त्यांनी लष्कर मोहल्ल्यातही पाहिली होती, हे खरे. पण आतल्या माणसांशी दोन शब्द न बोलण्यामागे ती घरे नव्हती. ‘आपल्यातले कोणी पाहील’ ही भीती होती.

२००६ च्या नाताळात स्नेही म्हणाले, “आज आत या. पिऊ नका, नुसते बसा.” मास्तर हसले आणि बाकावर बसले. पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, कर्नाटकात सारायीवर बंदी आली आणि दुकान बंद झाले. मास्तरांना प्रथम सुटल्यासारखे वाटले. मागाहून त्या सुटकेचीच लाज वाटली. आता त्या हाकेला ‘हो’ म्हणण्याची जागाच उरली नव्हती. दोघे काही वर्षे चहाच्या टपरीपर्यंत जात राहिले. मग स्नेही वारले.

आता त्या वाटेवर शेते विरळ झाली आहेत. २०२३ साली बंगळूरचा द्रुतगती महामार्गही खुला झाला. चालणाऱ्याला धूर आणि धूळच अधिक मिळते. गेल्या नाताळात मास्तर रस्त्याकडेच्या एका बारच्या दारापर्यंत गेले. भर दुपारी आत अंधार, चित्रवाणी संच मोठ्याने चाललेला, जो तो आपापल्या टेबलाशी एकटा. डिकन्सच्या सराईशी त्याचे नाते जुळेना, आणि ज्या हाकेसाठी आत जायचे ती हाक तिथे नव्हती. ते परतले.

रिवाजाप्रमाणे ते स्नेह्यांच्या घरी गेले. वहिनींनी केकची बशी पुढे ठेवली. इतक्या वर्षांत न बोललेली गोष्ट मास्तर त्या दिवशी बोलले: “एकदा तरी आत जायला हवे होते.”

“बरे झाले गेला नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “ते घरी येऊन सांगायचे, मेष्ट्रू बाहेर थांबलेत म्हणून एकावरच उठलो. वर्षातले इतर दिवस त्यांना उठवायला बाहेर कोणी नसायचे.”

मास्तरांनी केक संपवला. घरी जाताना त्यांच्या मनात आले, की तेहतीस दिवस आपण त्यांच्यासाठी बाकावर बसलो. बाकीचे दिवस आपण कुठे होतो, हे मात्र वहिनींनी विचारले नाही.