हसतेय म्हणजे बरी आहे?

फ्लॅनरी ओकॉनर आम्हाला इंग्रजीच्या तासाला भेटली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली कॅथलिक लेखिका; कथा धारदार, विनोद बोचरा. तिचे वडील १९४१ साली ल्यूपसने गेले आणि त्याच आजाराने ती १९६४ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी गेली. शेवटची वर्षं तिने आईबरोबर शेतावर राहून, मोर पाळत, रोज सकाळी लिहायला बसत काढली. वर्गात सगळे म्हणाले, काय जिद्द! मला माझी मावशी आठवली.

मावशीलाही ल्यूपस आहे. लॅटिनमध्ये ल्यूपस म्हणजे लांडगा. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटते. दहापैकी नऊ रुग्ण बायका, बहुतेक तरुण वयातल्या. आमच्या घरी सूचना सगळ्यांना पाठ आहेत: उन्हात जाऊ नको, गोळी चुकवू नको, लघवी तपासून घे. पण हृदय आणि मन यांचं नाव कोणी काढत नाही.

हृदयाचं बघा. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९७६ सालीच दाखवलं होतं की सुरुवातीचे मृत्यू आजार भडकल्याने किंवा संसर्गाने होतात, तर बऱ्याच वर्षांनंतरचे हृदयविकाराने. १९९७ च्या पिट्सबर्गच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्यूपसग्रस्त बायकांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या ५० पटींहून जास्त निघालं. सततचा दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. स्टेरॉइडने आजार आवरतो, पण ती जास्त काळ घ्यावी लागली की ब्लड प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल वाढू शकतं.

आता मन. ल्यूपसमध्ये नैराश्य खूप आढळतं आणि नैराश्य हृदयविकाराचा धोका आणखी वाढवतं. खचलेलं माणूस चालायला जात नाही, नीट झोपत नाही, गोळ्या टाळतं. त्यात पंचाईत अशी की थकवा आणि झोपेची तक्रार दोन्ही आजारांत असते. म्हणून सगळं ल्यूपसच्या नावावर खपून जातं.

मावशी सहा महिने रविवारच्या मिस्साला आली नाही. "अंग दुखतंय," एवढंच म्हणायची. पाहुणे आले की हसायची. घरातले सांगायचे, रोझरी म्हण, येशूवर भार टाक. प्रार्थनेवर माझाही विश्वास आहे. पण ओकॉनर मिस्साला जायची आणि आजारावरची इंजेक्शनंही घ्यायची. एकाने दुसरं रद्द होत नाही.

गेल्या महिन्यात मी सरळ विचारलं, "मावशी, रडू येतं का गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रोज. पण कोणी विचारलंच नाही."

आता तिच्या फाइलमध्ये आम्ही एक कागद ठेवलाय. त्यावर डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न आहेत: ब्लड प्रेशर किती, कोलेस्टेरॉल कधी तपासायचं, मनोविकारतज्ज्ञांकडे कधी जायचं. तिसरा प्रश्न मावशीने स्वतःच्या हाताने लिहिलाय.